सात नंबरचं रक्त

१

ग्लेनहॅरो फार्मवरच्या फ्रीझरमधून बारा मेंढ्यांचं रक्त चोरीला गेलंय, हे डॉ. सुप्रभा खानझोडेला ऑक्टोबरातल्या पहिल्या सोमवारी सकाळी कळलं. फोन ईराचा होता.

"मावशी, डबा गेली," ईरा म्हणाली. "पूर्ण डबा. फ्रीझर लॉक होता, चावी जागेवर आहे, आणि डबा नाही."

ईरा पाध्ये लंडनच्या ईलिंगमध्ये जन्मलेली, दोन वर्षांपूर्वी पास झालेली व्हेट; ग्लेनहॅरोच्या मेंढ्यांचं रक्त काढायचं काम तिचं. तिच्या मराठीत लिंगांचा गोंधळ असायचा, कामात नसायचा. सुप्रभा ग्लासगोच्या एका प्रयोगशाळेत जनावरांची पॅथॉलॉजिस्ट होती. नागपूरला शिकलेली आणि गेली सत्तावीस वर्षं स्कॉटलंडच्या पावसात मुरलेली. जनावर कशानं मेलं हे त्याच्या पोटात शिरून सांगायचं, हा तिचा धंदा.

"कुलूप, खिडकी, काही तुटलंय?"

"काहीच नाही. बाकी सगळा आहे. लशी आहेत, मिसेस मॅक्क्वीनच्या रास्पबेरीज पण आहेत."

सुप्रभानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. डब्यातल्या त्या रक्ताच्या नळ्या तिनंच गुरुवारी ईमेल करून मागवल्या होत्या आणि आज त्या कुरिअरनं निघायच्या होत्या.

"ईरा, त्या रक्ताचे रिझल्ट्स कधीच आलेत. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आहेत."

"तेच तर मावशी. मग कोण घेणार ते? कशाला?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर फोनवर मिळण्यासारखं नव्हतं. सुप्रभानं गमबूट गाडीत टाकले.

२

फार्म दक्षिण स्कॉटलंडातल्या गॅलोवेत, तिथपर्यंत दोन तासांचा रस्ता. सुप्रभाला तो पाठ होता, कारण दोन वर्षांपूर्वीच्या त्या सप्टेंबरात तिनं याच फार्मवरच्या मेंढ्यांची यकृतं कापून पाहिली होती.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरला नाही. रात्री उबदार आणि दर दोन दिवसांनी झड. ग्लेनहॅरोच्या खालच्या रानात मेंढ्यांची तोंडं सुजली, कान जड होऊन लोंबले. कळपच्या कळप उन्हाला पाठ करून दगडी बांधाच्या सावलीत उभा राहायचा. मग नाकाडावरची कातडी सोलून निघायला लागली. गावानं आधी शेजाऱ्याच्या फवारणीला दोष दिला, मग रानातल्या पिवळ्या फुलांच्या तणाला. सुप्रभानं यकृतं पाहून सांगितलं, "फेशियल एक्झिमा. नाव चेहऱ्याचं आहे, दुखणं यकृताचं."

प्रकार साधा होता. गवताच्या बुडाशी वाळकं पातेरं साचतं. ऊब आणि ओल मिळाली की त्यावर एक बुरशी धरते. तिचे बीजाणू गवताबरोबर पोटात जातात आणि त्यातलं विष पित्ताच्या नळ्या बंद करतं. मग जे पित्तावाटे बाहेर पडायचं ते रक्तात साठतं, आणि ऊन लागलं की कातडी भाजते. एकदा झालं की औषध नाही. एक सुजलेलं तोंड दिसलं, तर वरून धडधाकट पण आतून पोखरलेल्या आठ-दहा मेंढ्या त्याच कळपात असतात. ग्लेनहॅरोच्या दोनशे बारा मेंढ्यांपैकी साठ ख्रिसमसपर्यंत मेल्या आणि उरलेल्यांना पुढच्या वसंतात निम्मीच कोकरं झाली. मालक आर्ची मॅक्क्वीन ती कोकरं बघायला राहिला नाही. फेब्रुवारीत त्याचं हृदय थांबलं.

औषध नसलं तरी राखण होती. गवतातले बीजाणू मोजायचे आणि आकडा चढला की कळप हलवायचा, किंवा प्रत्येक मेंढीच्या घशाखाली झिंकची अंगठ्याएवढी गोळी उतरवायची. ती पोटात दीड महिना विरघळत राहते आणि विषाला अडवते. तिसरा मार्ग लांबचा होता. मुळातच दणकट यकृताचे मेंढे शोधून त्यांची पैदास वाढवायची.

तीस शेतकऱ्यांच्या एका पैदास संघानं तोच धरला. या ऑगस्टमध्ये, रीतसर सरकारी परवाना काढून, बारा मेंढे ग्लेनहॅरोच्या त्याच खालच्या रानात सोडले. दर आठवड्याला रक्त काढायचं, पहिल्या आठवड्याच्या बारा नळ्या फ्रीझरमध्ये राखून ठेवायच्या, आणि यकृताचा आकडा चढला की मेंढा लगेच बाहेर. अकरा मेंढ्यांचा आकडा चढला. सात नंबरचा तसूभर हलला नाही.

सात नंबर आर्चीच्या कळपातला होता. त्याची आई त्या वाईट वर्षात खालच्या रानातून डाग न लागता बाहेर आली होती, आणि ही जात विष पचवते असं आर्ची मरेपर्यंत म्हणत होता. आता तीसही फार्मांनी नोव्हेंबरसाठी सात नंबरचं वीर्य सांगून ठेवलं होतं. आर्चीच्या बायकोला, एल्स्पेथला, फार्म जंगल लावणाऱ्या कंपनीला विकून टाक म्हणणारे तिचे कॅनडातले मुलगे सध्या गप्प बसले होते.

सगळ्यांना हवं होतं तेच उत्तर आलं होतं. सुप्रभाला खटकत होतं ते एवढंच की इतकं स्वच्छ उत्तर तिला आजवर कुठल्याच यकृतानं दिलं नव्हतं.

३

फार्मच्या अंगणात अंबरीश जोगळेकर फोन कानाला लावून फेऱ्या मारत होता. मूळ पुण्याचा, राहायला लंडनजवळच्या वॉटफर्डला. ट्रायलचे सगळे आकडे सांभाळायचं काम त्याचं. पंधरा दिवसांतून एकदा तो ट्रेननं वर यायचा आणि नेमका शनिवारपासून इथंच मुक्कामाला होता.

"मॅडम, मला माहितीये हे कसं दिसतंय," सुप्रभा दिसताच तो म्हणाला. "माझा व्हिसा या प्रोजेक्टवर आहे. ट्रायल बोंबलली तर मला साठ दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागेल. म्हणजे मोटिव्ह माझ्याकडेच आहे, नाही का?"

"आहे," सुप्रभा म्हणाली. "चावी कुठे असते?"

"किचनच्या दारामागे, खिळ्याला. सगळ्यांना माहितीये. मिसेस मॅक्क्वीन, टॅम, ईरा आणि मी."

"मी नळ्या मागवल्यात हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"तुमची ईमेल मला आणि ईराला आली. मी शुक्रवारी फोनवर बाकी दोघांना सांगितलं. म्हटलं, चांगली बातमी आहे, ग्लासगोवाले आता मिनरल्सपण बघणार आहेत."

"कुठली मिनरल्स, ते सांगितलंस?"

"तुम्ही लिहिलेली तीन. तांबं, सेलेनियम, झिंक." अंबरीश थांबला. "का हो?"

सुप्रभानं दुसराच प्रश्न विचारला. "मेंढा धरता येतो तुला?"

"मी?" अंबरीश कसनुसा हसला. "पहिल्याच दिवशी चार नंबरनं मला भिंतीवर दाबलं होतं. तेव्हापासून मी गेटच्या अलीकडेच असतो."

जनावरं सांभाळणारा टॅम गिलेस्पी गोठ्यात होता. वय सत्तरीकडे झुकलेलं. बोलणं असं, की शब्दांवर कुणी कर लावलाय.

"डबा?"

"नाही पाहिला."

"सात नंबर कसा मेंढा आहे?"

"चांगला."

"ट्रायलच्या काळात कधी आजारी पडला?"

टॅमनं खुंटीवरची वही काढून तिच्या हातात ठेवली आणि तो पुन्हा पेंढा पसरायला लागला. रोज बारा ओळी, बारा मेंढ्यांच्या. सुप्रभानं ट्रायलच्या पहिल्या दिवसाचं पान काढलं. अकरा ओळींपुढे एकच शब्द होता, 'ठीक.' सातव्या ओळीपुढे टॅमनं पेन्सिलनं लिहिलं होतं, 'खात नाही. तोंडाला फेस. लाळेत थोडं रक्त. काटेरी काही चावलं असावं.'

सुप्रभानं ती ओळ दोनदा वाचली. उघड्या कुरणात राहणारा मेंढा काट्यानं असा जखमी होत नाही.

४

ईरा दूधघरात फ्रीझरसमोर उभी होती.

"मावशी, मला एक सांगायचा आहे. मी गुरुवारीच तुला रिप्लाय केला होता. तू वाचला नाही."

सुप्रभानं फोन काढला. खरंच, गुरुवारी संध्याकाळचा ईराचा ईमेल न उघडता पडून होता. या नळ्यांच्या रबरी बुचांतच झिंक असतं, ते रक्तात उतरतं, त्यामुळे झिंकचा आकडा भरवशाचा येणार नाही, असं तिनं कळवलं होतं. हवं तर योग्य नळ्यांत नवं रक्त काढून देते.

"बरोबर आहे तुझं," सुप्रभा म्हणाली. "पण बुचं बाराही नळ्यांना तीच. चढेल तर बारांचं सारखंच चढेल. एखाद्याचंच दुप्पट आलं, तर तो दोष बुचाचा नाही."

हळूहळू ईराचा चेहरा उतरला.

"कोणीतरी सात नंबरला झिंक दिला," ती म्हणाली. "ट्रायलच्या आधी."

"अजून फक्त शंका आहे. आज सकाळी बीजाणू मोजलेस?"

"हो. अजून हाय आहे. एका ग्रॅममध्ये एक लाखच्या वर. या वर्षी थंडी आलीच नाही."

"ठीक. हे आत्ता कुणाला बोलू नकोस. अर्ध्या तासानं सगळ्यांना किचनमध्ये बोलव."

तोवर सुप्रभा एकटीच एल्स्पेथकडे गेली. एल्स्पेथ उंच, ताठ, केस कापलेले, साठीतली बाई. तिनं डाव्या हातानं किटली उचलून चहा ओतला, स्कोन ठेवले आणि जॅमची बरणी सुप्रभापुढे सरकवली.

"झाकण तेवढं काढता का, डॉक्टर? जुलैपासून मला जमत नाही."

सुप्रभानं झाकण काढलं. "बारा मेंढे सांभाळायचे म्हणजे तुम्हाला त्रास झाला असेल."

"मेंढ्यांचा त्रास नसतो. माणसांचा असतो." एल्स्पेथ खिडकीतून खालच्या रानाकडे पाहत होती. "त्या वर्षी आर्ची रोज पहाटे उठून तिथं जायचा. एकेक मेंढी खांद्यावर घेऊन अंधाऱ्या गोठ्यात आणायचा, ऊन लागू नये म्हणून. बावन्न मेंढ्या आणल्या त्यानं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, वजन उचलू नका."

"सात नंबरची आई आणावी लागली नाही."

"नाही," एल्स्पेथ म्हणाली. "ती आपल्या पायांनी चालत आली."

५

किचनच्या टेबलाभोवती चौघं बसली. सुप्रभा उभी राहिली.

"डबा गेला म्हणून ट्रायल मोडीत काढायची गरज नाही," ती म्हणाली. "खालच्या रानात आजही विष आहे. सात नंबरला आजच तिथं सोडू, पुन्हा तीन आठवडे. ईरा ताजं रक्त घेईल. आकडा हलला नाही, तर चोरीनं काहीच बिघडलं नाही आणि कुणाला शंका घ्यायला जागा राहणार नाही. तो एकदा तावून सुलाखून निघालाय, तेव्हा त्याला धोका नाही."

"मस्त," अंबरीश लगेच म्हणाला. "डेटा डबल होईल."

टॅमनं खांदे उडवले. "मी सोडतो."

ईरानं मान हलवली. तेवढ्यात एल्स्पेथ म्हणाली, "नाही."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"त्याचं वय झालंय. एकदा झालं तेवढं पुरे."

"पाचच वर्षांचा आहे," टॅम म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं ते सगळ्यात लांब वाक्य.

"माझा मेंढा आहे. मी नाही म्हणते."

"मिसेस मॅक्क्वीन," सुप्रभा हळू आवाजात म्हणाली, "त्याला काही होणार नाही यावर तीस फार्मांचा विश्वास बसलाय. या खोलीत एकाच माणसाचा बसत नाहीये. तुमचा."

६

सुप्रभानं खुर्ची ओढली आणि बसली.

"चोरानं जुने आकडे लपवले नाहीत, ते तर जगजाहीर आहेत. त्याला भीती होती ती जुन्या रक्ताला विचारल्या जाणाऱ्या नव्या प्रश्नाची. तो प्रश्न झिंकचा होता. ट्रायलच्या आदल्या दिवशी सात नंबरला झिंकची गोळी दिली गेली. ती ज्या लांब नळीच्या बंदुकीनं देतात, ती चुकली की घसा सोलवटतो. मग दुसऱ्या दिवशी मेंढा खात नाही आणि लाळेत रक्त येतं. टॅमनं ते लिहून ठेवलंय."

"दिसलं ते लिहिलं," टॅम म्हणाला.

"म्हणूनच तुम्ही नाही. स्वतः गोळी दिली असती, तर ती ओळ लिहिली नसती. अंबरीशला आकडे बदलायचे असते, तर त्याला फ्रीझर उघडायची गरज नव्हती, आणि नव्वद किलोचा मेंढा तो धरू शकत नाही. ही चाचणी बिनकामाची आहे अशीच ईराची समजूत होती, तसं तिनं चोरीच्या आधी लेखी कळवलं आणि वर नवं रक्त काढून देऊ केलं. बिनकामाच्या नळ्या कोण चोरेल?"

"मी चाळीस वर्षं मेंढ्यांना औषध देतेय," एल्स्पेथ म्हणाली. "एकाचाही घसा फाडलेला नाही."

"चाळीस वर्षं उजव्या हातानं. जुलैपासून तो हात बरणीचं झाकण फिरवू शकत नाही. बंदूक डाव्या हातानं धरलीत."

एल्स्पेथनं हात टेबलाखाली नेला. मग जणू त्यात काही अर्थ नाही हे ध्यानात येऊन पुन्हा वर ठेवला.

"क्वाडबाइक उलटली होती," ती म्हणाली. "मनगट नीट जुळलंच नाही. त्या रविवारी टॅम बहिणीकडे जेवायला गेला होता. मी सात नंबरला खालच्या रानाच्या गेटापर्यंत नेलं. तो आत बघत उभा राहिला आणि मला ती तोंडं आठवली. ती सोललेली नाकं. फसवायचं असं ठरवून नव्हते गेले, डॉक्टर. वाटलं, निदान यातनं तरी सुटेल. मग आकडे आले. लोक आर्चीचं नाव घ्यायला लागले. मुलांनी विकायचा विषय काढणं बंद केलं." ती थांबली. "त्यानंतर खरं सांगायला रोज एक दिवस उशीर होत गेला."

"तीस फार्म्स पुढच्या वर्षी झिंक देणं बंद करणार होते," ईरा इंग्रजीत म्हणाली. "त्यांना वाटलं असतं आपली कोकरं सेफ आहेत. तुम्ही पाहिलेलं सगळं त्यांनी तीस ठिकाणी पाहिलं असतं."

"हो," एल्स्पेथ म्हणाली. "ते मला कळत होतं." तिनं स्वतःच्या बचावाला पुढे काही जोडलं नाही.

"डबा कुठाय?" सुप्रभानं विचारलं.

"कोंबड्यांच्या खुराड्यात. फेकवला नाही. वितळला असेल आता, तुमच्या कामाचा नाही."

"झिंक धातू आहे. वितळून कुठं जात नाही."

७

ते गेलं नव्हतंच. बुधवारी ग्लासगोला आकडे आले. अकरा नळ्यांत झिंक जवळपास सारखं होतं, सातव्या नळीत अडीचपट. एल्स्पेथनं तीसही फार्मांना स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली, वेडीवाकडी आणि दोन-दोन ओळींची. 'माझ्या मेंढ्याला मी झिंक दिलं होतं. तुमच्या मेंढ्यांना झिंक देणं थांबवू नका.' काहींनी उत्तर दिलं, बहुतेकांनी दिलं नाही. संघानं नियमाप्रमाणे सात नंबरला आणि त्याच्या सगळ्या संततीला पैदाशीच्या यादीतून कायमचं बाद केलं. अंबरीशची नोकरी राहिली. बाकीच्या अकरांमध्ये तीन नंबरचा आकडा सगळ्यांत कमी चढला होता, त्यावर काम पुढे चालणार होतं.

शनिवारी एल्स्पेथचा फोन आला.

"म्हणजे आर्चीचं खरं होतं की नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही?"

"झिंकनं ते झाकलं," सुप्रभा म्हणाली. "गोळी तर कधीच संपली असेल. कळायला एकच मार्ग आहे. तो तुम्ही नाकारलात."

"रक्त किती वेळा घ्याल?"

"आठवड्यातून दोनदा. आकडा हलला की त्याच दिवशी तो अंधाऱ्या गोठ्यात जाईल. परवाना महिनाअखेरपर्यंत आहे. पण मिसेस मॅक्क्वीन, उत्तर काहीही आलं तरी यादीचा निर्णय बदलणार नाही."

"यादीसाठी नाही विचारत," एल्स्पेथ म्हणाली.

सात नंबर खालच्या रानात तीन आठवडे चरला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ईरानं शेवटचं रक्त पाठवलं. आकडे सुप्रभानं स्वतः पाहिले आणि अंबरीशकडून बाकीच्यांशी ताडून घेतले. मग ग्लेनहॅरोला फोन लावला.

"शेवटच्या रक्तात आकडा चढला," ती म्हणाली. "पण थोडासाच. इतरांच्या चौथ्या हिश्शाएवढा. तोंडाला काही नाही, खाणंपिणं ठीक आहे. बीजाणू ऑगस्टइतकेच होते, म्हणून तुलना चालते."

"म्हणजे आर्ची अर्धा बरोबर होता."

"अर्ध्याहून जास्त."

"मी काहीच केलं नसतं, तर यादीत त्याचा नंबर कितवा लागला असता?"

सुप्रभानं क्षणभर विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण या प्रकरणात तेवढं एक पुरेसं झालं होतं.

"पहिला," ती म्हणाली. "तीन नंबरच्या वर."

"मी खालचं रान विकतेय," एल्स्पेथ म्हणाली. "तेवढंच. वरचा डोंगर आणि मेंढ्या राहतील. मुलांना कळवलंय. जंगलवाले मार्चमध्ये येऊन स्प्रूसची रोपं लावणार आहेत."

"बरं केलंत."

"वाढू देत तिथं काय वाढायचं ते," एल्स्पेथ म्हणाली. "झाडांना यकृत नसतं."